वळताना येणारी कट-कट दुरुस्त करूनही परत का येते?

दीड वर्षात एकाच आवाजासाठी माझी गाडी तीनदा गॅरेजला गेली. स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण वळवून पार्किंगमधून बाहेर काढली की पुढच्या डाव्या चाकातून कट-कट-कट-कट, आणि रस्त्यावर येऊन सरळ झाली की गप्प. तिन्ही वेळा काही ना काही बदललं; एकदा आवाज तसाच राहिला, दोनदा गेला आणि परत आला. चौथ्यांदा गाडी देण्याआधी दोन रविवार घालवून मी स्वतः तपासली आणि काम चालू असताना रॅम्पखाली उभा राहिलो. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, आवाज नाही. ज्यांच्या गाडीला हाच त्रास आहे त्यांचे पैसे आणि फेऱ्या वाचाव्यात म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक आहे. नव्वद हजार किलोमीटर उलटून गेलेत. महिन्यातून दोनदा कराडहून कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणं होतं, त्यामुळे वळणांची कमी नाही. पहिल्या वेळी लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी, बदलला. तो खरोखरच ढिला होता, त्यामुळे खड्ड्यांतली खडखड थांबली आणि मला वाटलं काम झालं. कट-कट मात्र होती तशीच. दुसऱ्या वेळी ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचं, बाहेरचं रबर बूट (सांध्यावरचं घड्यांचं आवरण) फाटलेलं दिसलं. नवीन बूट बसवलं, वर ग्रीस भरलं, जवळजवळ तीन महिने शांतता, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी अख्खा बाहेरचा जॉइंट, म्हणजे शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा, नवा टाकला. तो पहिल्याच पावसाळ्यात बोलायला लागला.

नवा जॉइंट काही महिन्यांत जातो तेव्हा दोष जॉइंटचा क्वचितच असतो. तिथपर्यंत येण्याआधी हा जॉइंट आवाज का करतो ते समजून घ्यायला हवं, कारण सगळी तपासणी त्यावरच उभी आहे.

ॲम्बेसेडर, पद्मिनी या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना जायची. मध्ये लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्याला क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा. जुने फिटर अजूनही क्रॉस हाच शब्द वापरतात. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आपल्याकडे घरोघरी पोहोचली; १९९८ मध्ये पुण्यात तयार झालेली इंडिकाही त्याच पद्धतीची. पुढच्या चाकाला दोन कामं एकदम करावी लागतात, गाडी ओढायची आणि वळायचंही. साधा क्रॉस मोठ्या कोनात फिरवला तर पुढचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगाने आणि दोनदा हळू फिरतो, म्हणजे स्टेअरिंगला गचके बसणार. म्हणून तिथे सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) जॉइंट लागतो, कोन कितीही असो दोन्हीकडे एकसारखा वेग देणारा सांधा. त्याची आज सर्रास दिसणारी रचना १९२० च्या दशकात फोर्डमधले इंजिनिअर आल्फ्रेड झेप्पा यांनी बांधली, आणि १९५९ च्या मिनीपासून ती छोट्या गाड्यांत रुळली.

आत एक वाटी असते, तिच्या आतल्या अंगाला सहा वाकडे खाचे. मध्ये तसेच सहा खाचे असलेला तारा, दोघांच्या मध्ये सहा पोलादी गोळ्या, आणि गोळ्यांना जागेवर धरणारी केज. गाडी सरळ जाते तेव्हा गोळ्या खाच्याच्या मधल्या भागातच बसून असतात. म्हणजे हजारो किलोमीटर झीज होते ती त्याच एका जागी, आणि तिथे खळगा पडतो. चाक वळवलं की प्रत्येक गोळी दर फेऱ्याला खाच्यात पुढे-मागे धावते, खळग्याच्या काठावर चढते आणि पलीकडे पडते. ते पडणं म्हणजे आपली कट-कट. म्हणूनच सरळ रस्त्यावर ती ऐकू येत नाही, आणि नुसतं वळूनही नीट येत नाही. वळण हवं आणि वर ओढही हवी.

तपासणीसाठी मोकळं मैदान किंवा सुट्टीच्या दिवशीचं रिकामं पार्किंग घ्या. शेजारी कुणीतरी बसवा, काचा खाली, पंखा आणि गाणी बंद. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पहिला गिअर, क्लच सोडून हलका ॲक्सिलरेटर, दोन गोल फेऱ्या. मग पूर्ण उजवीकडे. मग दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. रिव्हर्स सोडू नका, कारण तेव्हा गोळ्या खाच्याच्या दुसऱ्या बाजूला टेकतात आणि काही जॉइंट तिथेच जास्त ओरडतात. आवाज यायला लागला की फेरी चालू असतानाच क्लच दाबा. ओढ गेली आणि कट-कट मंदावली किंवा थांबली, पुन्हा क्लच सोडून ॲक्सिलरेटर दिला की सुरू झाली, तर संशय बाहेरच्या जॉइंटवर जवळजवळ पक्का. क्लच दाबूनही काहीच फरक पडत नसेल तर दुसरीकडे शोधा.

आवाज मोजता येतो का तेही बघा. छोट्या गाडीच्या चाकाचा घेर पावणेदोन मीटरच्या आसपास असतो. ताशी १० किलोमीटरला ते चाक सेकंदाला साधारण दीड वेळा फिरतं. जॉइंटचा आवाज चाकाच्या फेऱ्याशी बांधलेला असतो, त्यामुळे हळू चालवली तर कट-कट सुटी सुटी ऐकू येते आणि वेग वाढवला तर दाट होते. इंजिन नुसतं आयडलवरही सेकंदाला बारा-तेरा फेरे मारतं, त्याच्याशी जोडलेला आवाज कानाला मोजता येणार नाही.

कोणत्या बाजूचा जॉइंट? उजवीकडे वळताना डावा बोलतो आणि डावीकडे वळताना उजवा, कारण भार बाहेरच्या चाकावर येतो. हा ठोकताळा बहुतेक वेळा बरोबर निघतो, पण त्याच्यावर एकट्यावर शाफ्ट उतरवू नका. आतल्या चाकाचा कोन जास्त असतो, त्यामुळे तिकडचा झिजलेला जॉइंटही आवाज करू शकतो. मी कॉम्पाउंडच्या भिंतीला चिकटून दोन्ही दिशांनी गाडी चालवली. भिंतीवरून आवाज परत येतो आणि बाजू लगेच कळते. शिवाय भावाला बाहेर उभं करून त्याच्या भोवती फेऱ्या मारल्या. त्याने चाकाकडे बोट दाखवलं तेव्हा शंका उरली नाही.

आता सारखेच वाटणारे आवाज. माझा पहिला खर्च इथेच वाया गेला, म्हणून थोडं थांबून सांगतो. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट हे सगळे सस्पेन्शनचे भाग रस्त्याच्या उंचसखलपणावर बोलतात, ॲक्सिलरेटरवर नाही. चौथ्या वेळी ज्या वयस्क फिटरकडे गेलो त्यांना मी पहिल्या दुरुस्तीची हकीकत सांगितली. ते एवढंच म्हणाले, “आवाज वळताना येतो म्हणताय, मग त्यांनी गाडी खड्ड्यात घालून का बघितली?” खरंच, पहिल्या गॅरेजमध्ये ट्रायल घेतली ती समोरच्या खराब रस्त्यावर, सरळ. तिथे लिंक रॉडच सापडणार होता.

व्हील बेअरिंगचा आवाज कट-कट नसतो, घूं असा सलग असतो आणि वेगाबरोबर चढत जातो. हायवेवर लेन बदलताना तो कमी-जास्त होतो. उजवीकडे वळल्यावर वाढला तर डावं बेअरिंग. गाडी उभी असतानाच स्टेअरिंग फिरवल्यावर टंग किंवा कर्र असा आवाज आला तर तो शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगचा असण्याची शक्यता जास्त, कारण शाफ्ट फिरतच नाही तर जॉइंट कसा वाजेल. पुढे जाऊन मग रिव्हर्स टाकल्यावर फक्त एकदाच टक असा आवाज येत असेल तर हब नट (शाफ्टचं टोक चाकात धरून ठेवणारा मोठा नट) ढिला असू शकतो, किंवा ब्रेक पॅड आपल्या जागेत सरकत असतील. ढिला हब नट हे धोक्याचं लक्षण आहे, त्याच दिवशी बघून घ्या. आणि सगळ्यात आधी व्हील कॅप काढून ठेवा आणि टायरच्या खाचांत अडकलेला खडा बघा. दोन्ही गोष्टी चाकाच्या फेऱ्याबरोबर टिक-टिक करतात, पण त्या सरळ जातानाही करतात.

आतला जॉइंट, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचा, वेगळा प्रकार आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत तिथे गोळ्या नसतात, तीन रोलर असलेला ट्रायपॉड असतो. चाक वर-खाली झालं की शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी लागते, म्हणून हे रोलर भोवतीच्या कपामध्ये आत-बाहेर सरकतात. तो झिजला की कट-कट येत नाही. चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरते आणि पाय काढला की थरथर निवते. व्हील बॅलन्सिंग बिघडलं तरी ताशी ८०-९० ला थरथर येते, पण ती ॲक्सिलरेटर सोडल्यावरही त्या वेगाला टिकून राहते आणि स्टेअरिंगमध्ये जास्त जाणवते. तीन रोलर असल्यामुळे ट्रायपॉडचा थरकाप चाकाच्या एका फेऱ्यात तीनदा होतो, म्हणून तो बारीक लागतो आणि बुडाखाली, फ्लोअरमध्ये जाणवतो. मी एका ओळखीच्यांची गाडी पाहिली आहे ज्यात चार वेळा बॅलन्सिंग झालं होतं आणि दोष ट्रायपॉडचा होता. घाट चढताना थरथर आणि उतरताना नाही, एवढी एकच गोष्ट कुणी विचारली असती तर ते चारही वेळचे पैसे वाचले असते.

डोळ्यांनी बघायची तपासणी तर घरीच होते. चाक पूर्ण वळवा, म्हणजे बुटाच्या घड्या उघडतात. चीर नेहमी घडीच्या तळाशी असते, सरळ चाकात ती मिटलेली राहते आणि वरवर बघणाऱ्याला बूट धडधाकट वाटतं. रिमची आतली बाजू, शॉकॲब्सॉर्बर आणि लोअर आर्मवर काळपट ग्रीसचे एका रेषेत उडालेले शिंतोडे दिसले तर बूट फाटलंय, चीर सापडो वा न सापडो. ग्रीस बोटावर घेऊन चोळा. गुळगुळीत असेल तर अजून वेळ आहे. वाळूसारखी किरकिर लागली तर जॉइंटच्या आत माती पोहोचली आहे.

गाडी जॅकवर घेऊन हाताने हलवून बघायचं असेल तर हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा, आणि जॅकच्या जोडीला घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लागतेच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका. चाक घट्ट धरायला कुणाला तरी सांगा आणि शाफ्ट हाताने पिळा. बाहेरच्या जॉइंटला जेमतेम जाणवेल एवढाच प्ले (ढिलेपणा) हवा. टक्क-टक्क असा मोकळा प्ले असेल, किंवा जॉइंटपाशी शाफ्ट वर-खाली हलत असेल, तर झीज झालेली आहे. आतला जॉइंट मात्र आत-बाहेर सरकतोच, तो त्याचा धर्मच आहे, आणि गिअरबॉक्सच्या दातांमुळे थोडा फिरण्याचा प्लेही असतो. त्याला दोष समजून चांगला शाफ्ट बदलायला लावणारे आहेत. एक गोष्ट करू नका: चाकं हवेत लटकत असताना गिअर टाकून इंजिनवर फिरवून आवाज ऐकणं. लटकलेल्या सस्पेन्शनमध्ये शाफ्टचा कोन नेहमीपेक्षा जास्त असतो, चांगला जॉइंटही तिथे कुरकुरतो, आणि गाडी घोडीवरून उतरण्याचा धोका वेगळाच.

माझी दुसरी दुरुस्ती का फसली ते रॅम्पखाली कळलं. फाटलेल्या बुटातून माती आत गेली होती, खाच्यांत खळगे पडले होते, आणि त्यावर नवीन बूट चढवून ताजं दाट ग्रीस भरलं गेलं. दाट ग्रीस आवाज गिळून टाकतं. जॉइंट बरा झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात आतली माती ग्रीसमध्ये मिसळून घासकाम चालूच राहतं. म्हणून निव्वळ बूट बदलायचं की जॉइंट, हे आवाजावरून ठरवा. बूट फाटलंय, पण कट-कट नाही आणि ग्रीसमध्ये किरकिर नाही, तर बूट किट पुरे. त्यातही जॉइंट सोडवून रॉकेलने स्वच्छ धुवा, पूर्ण कोरडा करा आणि एकेका खाच्यावरून नख फिरवा. चकाकणारा पट्टा चालतो, नख अडकलं तर नाही. गोळ्यांवर खवले किंवा निळसर डाग असतील तर जॉइंट गेला. कट-कट एकदा सुरू झाली असेल तर बूट किटवर पैसे घालू नका.

तिसऱ्या वेळचं कारण त्याहून साधं होतं आणि म्हणूनच मला जास्त लागलं. जॉइंट नवा होता, ग्रीसही किटमधलं होतं. बुटाचं बारीक टोक शाफ्टवरच्या खाचेत बसवून त्यावर धातूचा क्लॅम्प खास पक्कडीने आवळायचा असतो. तिथे प्लास्टिकची केबल टाय होती. बूट कडक प्लास्टिकसारख्या मटेरियलचं, ते टायने आवळलं जात नाही. टोक खाचेतून निसटून पुढे सरकलं होतं आणि तिथून पाणी आत, ग्रीस बाहेर. आणखी एक चूक दिसली ती म्हणजे बुटात हवा कोंडलेली. क्लॅम्प लावण्याआधी बारीक टोक जरा उचलून आतली हवा सोडावी लागते, नाहीतर बूट एक तर फुगतं किंवा आत चिमटतं, घड्या एकमेकींवर घासतात आणि काही महिन्यांत चीर पडते. पाच मिनिटांचं काम. त्याच्यामुळे हजारोंचा नवा जॉइंट गेला.

म्हणून काम चालू असताना शक्य असेल तर तिथे थांबा आणि या गोष्टी नीट बघा, नम्रपणे सांगा. दोन्ही टोकांना धातूचे क्लॅम्प. ग्रीस मॉलिब्डेनमवालं, काळं, किटमध्ये आलेलं आणि ते पूर्ण वापरलेलं; डब्यातलं बेअरिंगचं पिवळं ग्रीस नाही. शाफ्ट ओढून काढताना बाहेरच्या टोकाला धरून हिसडा देऊ दिला तर आतल्या ट्रायपॉडचे रोलर कपातून सुटतात, त्यामुळे आतल्या कपापाशी पट्टी घालूनच सोडवायला हवा. शाफ्ट बाहेर आला की बहुतेक गाड्यांत गिअर ऑइल सांडतं. ते आधी काढून घ्यावं, ऑइल सील नवीन टाकावं आणि शेवटी ऑइल पातळीपर्यंत भरलंय ते बघावं. हब नट नवीनच वापरावा, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळावा आणि त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवावी. नुसत्या हवेच्या गनने आवळलेला नट कधी कमी तर कधी जास्त बसतो, आणि दोन्हीत व्हील बेअरिंग मरतं.

नवीन पार्ट घेताना जुना हातात घेऊन दुकानात जा. दातांची संख्या, शाफ्टची लांबी आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याची दातेरी रिंग जुळली पाहिजे. रिंग नसलेला जॉइंट बसवला की कट-कट जाते आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. काही ठिकाणी डावा-उजवा जॉइंट अदलाबदल करून देतात. खाच्याची न झिजलेली बाजू वापरात येते आणि आवाज थोडे दिवस थांबतो, पण गाडी विकायची नसेल तर त्यात काही अर्थ नाही, आणि विकायची असेल तर घेणाऱ्याशी ते बरोबर नाही.

कट-कट करणारी गाडी किती दिवस चालवता येईल, हे प्रत्येकजण विचारतो. सुरुवातीच्या आवाजावर शहरात काही आठवडे जातात, पण मी घाटात नेणार नाही. जॉइंट पूर्ण तुटला तर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला सोडतं आणि गाडी जागची हलत नाही. आणि उतारावर फार कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की शाफ्ट तुटल्यावर इंजिन ब्रेकिंग उरत नाही, गिअरमध्ये टाकून उभी केलेली गाडीही थांबत नाही, ऑटोमॅटिक गाडीचा पी (पार्क) सुद्धा धरत नाही. पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक चालतात, तेवढ्यावरच भिस्त ठेवून चाकाला दगड लावा. कट-कट सरळ रस्त्यावरही यायला लागली, किंवा तिची जागा धाड-धाड अशा ठोक्यांनी घेतली, तर गाडी टो करूनच न्या.

माझ्या गाडीला शेवटी बाहेरचा जॉइंट, दोन्ही बुटं, ऑइल सील आणि हब नट एवढं नवीन लागलं. काम झाल्यावर त्याच मैदानात त्याच फेऱ्या मारल्या, डावीकडे, उजवीकडे, रिव्हर्स. आठवड्याने गिअरबॉक्सच्या टोकाला ऑइल झिरपतंय का ते पुठ्ठा टाकून पाहिलं, आणि पाचशे किलोमीटरनंतर चाक वळवून बुटाच्या घड्या आणि क्लॅम्प बघितले. आता मृग लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंची चारही बुटं बघतो.